आकड्यावरचे सूत

भूत पहिल्यांदा दिसले ते सफाईवाल्या बाईंना, आणि तेही भर दुपारी, लख्ख उन्हात.

दोरखंडाचा तो कारखाना बंद पडून एक पिढी उलटली होती. त्यातली सूत वळण्याची शेड अलीकडेच दुरुस्त करून लोकांना पाहण्यासाठी उघडली होती. शेड इतकी लांब, की एका टोकाला उभे राहिले तर दुसऱ्या टोकाचा माणूस अंगठ्याएवढा दिसे. तिथले कामगार तिला नुसते 'लांबी' म्हणत, आणि ते नाव अजून टिकून होते. बाई जेवण आटोपून अलीकडच्या टोकाचे मोठे लाकडी चाक पुसत होत्या. पुसायचे तर चाक फिरवावे लागते, म्हणून एका हाताने त्या ते फिरवत होत्या.

"वर बघितलं तर समोर माणूस," त्या व्यवस्थापकांना सांगत होत्या. "तोंड माझ्याकडे, नजर माझ्याकडे, आणि जातोय मात्र लांब लांब. पाय उलटे असल्याशिवाय कुणाला जमेल हे? माझे हातच गळाले. तर मेला हसला हो माझ्याकडे बघून!"

"ओळखीचा होता का कोणी?"

"माझ्या ओळखीची माणसं पुढे चालतात, साहेब."

तिथे एका जुन्या कामगार बाईची भाचीही उभी होती. लांबीत आलेल्या पाहुण्यांना चाक फिरवून दाखवणे हे तिचे काम. ती म्हणाली, "पाय उलटे नसतील, बाई. पाय सरळच असतील, चालणं उलटं असेल. दोर वळणारे तसेच चालायचे."

ते खरे होते. वळणारा कमरेला वाखाचा जुडगा गुंडाळी, त्यातले थोडे तंतू ओढून चाकाच्या लोखंडी आकड्यात अडकवी. चाकवाली चाक फिरवी, आकडा गरगरे, तंतूंना पीळ बसे, आणि वळणारा बोटांनी वाख सोडत उलट्या पावली मागे मागे जाई. जितका मागे जाईल तितके सूत लांब. दिवसभर त्याचे तोंड चाकाकडे आणि पाठ सगळ्या जगाकडे. मागे काय आहे ते त्याला दिसत नसे. ते बघणे चाकवालीचे काम. शेडभर चाकांची घरघर असायची, हाक ऐकू जाणे शक्य नव्हते. म्हणून मागे काही आडवे आले की चाकवाली चाक थांबवी. वळणाऱ्याच्या बोटांतले सूत त्याच क्षणी निर्जीव होई आणि तो जागच्या जागी उभा राही. 'सूत मेलं की पाय थांबले' हा त्या कामातला पहिला धडा होता. सूत पुरेसे लांब झाले, की चाकवाली त्याचे टोक आकड्यावरून काढून शेजारच्या रिळाला लावी आणि रीळ फिरवू लागे. मग वळणारा सूत ताणून धरत, समोर बघत, सरळ चालत तिच्याकडे परत येई.

भाचीला हे मावशीकडून कळले होते. तरुणपणी मावशी याच लांबीत चाकवाली होती. आणि याच लांबीत एका माणसाचा जीव मावशीमुळे गेला, असे सगळे म्हणत.

त्या माणसाला कामगार घुम्या म्हणत. कामापुरते बोले, हसणे तर नाहीच. पण वळणाऱ्यांमध्ये त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. लांबीच्या पलीकडच्या टोकाला तेव्हा भिंत नव्हती, मोठे दार होते. ते थेट गोदीच्या पाण्यावर उघडे. तयार दोर तिथून पडावात, म्हणजे मालाच्या होडीत, उतरवत. एरवी ते बंद असे. त्या दुपारी पडाव लवकर आला म्हणून कोणीतरी दार उघडून ठेवले आणि सगळे माल आणायला गोदामात गेले. लांबीत चालू असलेले चाक एकच, मावशीचे. घुम्या उलट्या पावली दारापर्यंत गेला आणि दारातून खाली गेला. खाली पडावाची कड होती.

चौकशी झाली. मावशी एकच वाक्य बोलली: "मी चाक थांबवलं होतं." त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. चाक थांबले असते तर घुम्या थांबला असता, इतका साधा हिशोब होता. मावशीला कामावरून काढले, तिचे ठरलेले लग्न मोडले, आणि पुढे ते कधी झाले नाही. कारखाना बंद झाल्यावर दाराच्या जागी भिंत आली. मावशी आधी बहिणीकडे राहिली आणि बहीण गेल्यावर भाचीकडे आली.

व्यवस्थापकांनी आता हा प्रसंग एका फलकावर लिहून घेतला होता. भाचीने तो वाचला आणि ती त्यांच्या खोलीत गेली.

"साहेब, 'चाकवालीच्या दुर्लक्षामुळे' हे शब्द काढता येतील का?"

"का? जुन्या माणसांनी तसंच सांगितलंय."

"ती माझी मावशी आहे."

व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आधी बोलायचं ना मग! पण ताई, मनानं कसं बदलू? दुसरं काही कळलं तर सांगा, बदलतो. आणि खरं सांगू का, आता भूत आहे म्हटल्यावर लोक येतील ते भुतासाठी. चूक कुणाची होती ते वाचायला कोण थांबतंय?"

"मावशी थांबेल," भाची म्हणाली.

जुनी माणसे म्हणजे खरे तर एकटा मुकादम उरला होता. घरघरीत आयुष्य गेल्याने त्याला जेमतेम ऐकू येई. भाची त्याच्या घरी गेली तेव्हा तो दारातल्या खुर्चीत उन्हाला बसला होता.

"भूत दिसलंय लांबीत," ती मोठ्याने म्हणाली. "उलट्या पावली चालतं. घुम्या असेल का?"

"दिसायला कसा आहे?"

"उंच. आणि हसतो म्हणे."

मुकादम खो खो हसला आणि मग बराच वेळ खोकला. "मग घुम्या नव्हे. घुम्याचं हसू म्हणजे उंबराचं फूल. त्याच्या जन्मदात्या आईलाही दिसलं नसेल. दुसरा कोणी असेल, बघ. त्या लांबीत काय कमी माणसं मेली?"

"मावशी म्हणायची, चाक थांबवलं होतं."

"म्हणायची." त्याचे हसू मावळले. "पोरी, घुम्याची बोटं तू पाहिली नाहीस. सूत नुसतं आजारी पडलं तरी त्याला कळायचं, मरणं तर सोडच. चाक थांबलं असतं तर तो थांबला असता. तुझी मावशी वाईट नव्हती. तरणी होती, लग्न ठरलं होतं, लक्ष उडालं असेल. पण कबूल करायला हवं होतं तिनं."

भाचीने घरी येऊन हे काहीच सांगायचे नाही असे ठरवले होते. पण मावशी मटार सोलत बसली होती, आणि मटार सोलताना मावशीपासून काही लपत नसे. तिची नजर आता हातभर अंतरापलीकडे जात नव्हती. त्या बदल्यात कान तिखट झाले होते.

"मुकादमाकडे गेली होतीस."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या आवाजानं. घसा बसलाय. त्याच्याशी बोललं की बसतोच." मावशीने एक शेंग मोडली. "मेला नाही का अजून?"

"मावशी!"

"बरं, जगू दे. काय म्हणाला?"

मग भाचीने सगळे सांगितले. उलटे चालणारा माणूस, भर दुपार, सफाईवाल्या बाई, मुकादम काय म्हणाला ते. हसण्याचा उल्लेख आला तेव्हा मावशीच्या बोटांतले दाणे परातीत न पडता जमिनीवर पडले. तिने ते उचलले नाहीत.

"आधीपासून हसत होता, की मध्येच हसला?"

"ते नाही विचारलं मी."

"तू स्वतः बघ. मध्येच हसला असेल तर कधी हसला ते बघ. आणि डाव्या हाताला फडकं बांधलंय का, तेही."

"तुला काय माहीत फडक्याचं?"

"बघून ये. मग बोलू." जरा वेळाने ती म्हणाली, "मला दिसत असतं तर तुला नसतं पाठवलं गं. मला तेवढंच कळायला हवं आहे. मरायच्या आधी तेवढंच."

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी लांबीत कोणी नसे. भाचीने दुपारी कुलूप काढले. खिडक्यांतून उन्हाचे चौकोन ओळीने फरशीवर पडले होते. तिने चाकाची मूठ धरली. आपण घाबरलेलो नाही, असे तिने स्वतःला बजावले आणि चाक फिरवू लागली.

चाकाने वेग घेतला तसा तो दिसला. आकड्यापासून चार हातांवर होता. कमरेला वाखाचा जुडगा, बोटे पोटापाशी हलणारी, डाव्या पंजाला मळकट फडके. तरुण होता. भाचीचा मुलगा शिक्षणासाठी दूर गेला होता, त्याच्याहून थोडाच मोठा. त्याचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता. उन्हाच्या एका चौकोनातून सावलीत आणि सावलीतून पुढच्या चौकोनात तो मागे मागे जात राहिला. नजर चाकावरून हलली नाही. उन्हातून जाताना त्याची सावली पडत नव्हती, हे भाचीच्या लक्षात आले आणि तिचा हात मुठीवरच थिजला.

चाक थांबले.

तो हसला. दूरवरूनही ते चुकण्यासारखे नव्हते. आधी खांदे सैल झाले, मग मान किंचित कलली, मग सगळा चेहरा उजळला. काही हरवलेले परत मिळाल्यासारखा तो हसला, आणि एक पाऊलही न थांबता मागे जात राहिला. तसाच हसत तो भिंतीत गेला.

भाची बाहेर जाऊन पायरीवर बसली. थोड्या वेळाने ती परत आत गेली. तिने पुन्हा चाक फिरवले आणि या वेळी थांबवले नाही. तो तसाच आला, तसाच गेला, पण हसला नाही. उतरलेल्या चेहऱ्यानेच भिंतीत गेला.

तिसऱ्या वेळी तिने पुन्हा थांबवले. तो पुन्हा हसला.

"फडकं होतं," तिने घरी आल्या आल्या सांगितले. "आणि मध्येच हसतो. चाक थांबवलं की. नाही थांबवलं तर हसत नाही."

मावशी पलंगाच्या कडेला बसली होती. "मान कलते?"

"हो. डावीकडे."

"म्हणजे तोच. त्याच दिवशीचा." मावशीने दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसली. "फडकं त्या सकाळी बांधलं होतं. वाख तोडताना सुरी लागली त्याला. कधी लागत नसे. रात्रभर जागा होता ना."

"मावशी, चाक थांबवल्यावर तो हसतो का? थांबत का नाही?"

मावशीने पाय वर पलंगावर घेतले. 

"आम्ही दोघं दिवसभर समोरासमोर असायचो. एका सुताला बांधलेले. बोलायची सोय नाही, एवढी घरघर. मुकादमाचे डोळे सगळीकडे. एकदा मी गंमत म्हणून चाक थांबवलं. पापणी लवते तेवढंच. तो थांबला, मागे वळून बघितलं, काही नाही. माझ्याकडे बघितलं, तर मी हसत होते. त्याला कळलं. पुढच्या वेळी मी थांबवलं तेव्हा तो थांबला नाही. चालता चालता हसला. मग ते रोजचंच झालं. दिवसातून एकदा, कधीही. मी चाक थांबवायचं, त्यानं चालत राहायचं आणि हसायचं. दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. त्याचं हसू कुणी पाहिलं नव्हतं म्हणतात ना? मी रोज पाहायचे."

भाची तिच्याशेजारी बसली.

"घरच्यांनी माझं दुसरीकडे ठरवलं. तो म्हणाला, पळून जाऊ. बाबा आजारी, तुझ्या आईचं लग्न व्हायचं. कशी जाणार होते? आदल्या संध्याकाळी मी त्याला सांगून टाकलं, उद्यापासून माझं चाक थांबणार नाही. तो काही बोलला नाही. घुम्याच तो."

"आणि दुसऱ्या दिवशी दार उघडं राहिलं."

"सगळं ऊन एकदम आत आलं. तो नुसता काळा दिसत होता त्या उजेडात, तोंड दिसेना. मी चाक थांबवलं. थांबवून गच्च धरून ठेवलं. तो चालतच राहिला. मी ओरडले, पळत सुटले, पण तोवर तो दारात पोचला होता; लांबी ती लांबीच." मावशीने तळवे मिटले. "तेव्हापासून मला कळत नाही. मी तर सांगितलं होतं, आता गंमत नाही; म्हणजे आता चाक थांबलं तर खरंच थांबायचं. मग तो का गेला? मुद्दाम गेला? माझा राग येऊन, जीव द्यायला? की त्याला वाटलं, मी मागे फिरले, परत त्याची झाले?"

"तो हसला, मावशी. जीव द्यायला निघालेला माणूस तसा हसत नाही. मी पाहिलंय."

"हं."

"म्हणजे तो रागानं नाही गेला."

"नाही. आनंदानं गेला." मावशीचा आवाज सपाट होता. "मी त्याला वाचवायला चाक थांबवलं आणि त्याला वाटलं मी हो म्हटलं. म्हणजे मीच मारला ना गं त्याला. इतकी वर्षं वाटत होतं, दोन्हीतलं एक तरी ऐकायला बरं असेल."

 भाचीने विचारले, "चौकशीत का नाही सांगितलंस हे?"

"काय सांगू? चाक थांबवण्याचा आमच्यात दुसराच अर्थ होता म्हणून? निष्काळजी मुलीची बहीण लोकांना चालते. तसल्या मुलीची नाही चालत. तुझी आई बिनलग्नाची राहिली असती, आणि तू आत्ता मला शहाणपण शिकवायला इथे नसतीस."

दोघीही थोडे हसल्या. मावशी आधी थांबली.

"अजून जातो म्हणतेस. चाक फिरवलं तरी जातो, थांबवलं तरी जातो."

"हो."

"जाणारच. सूत अजून आकड्यावर आहे." ती भाचीकडे वळली. "वळणारा परत कधी येतो? चाकवालीनं सूत आकड्यावरून काढलं की. तोवर त्यानं यायचंच नसतं. त्या दिवशी मी चाक सोडून पळाले. सूत काढलंच नाही कुणी. रीळ आहे का गं अजून तिथे?"

"आहे. फिरतं की नाही ते माहीत नाही."

"तेल घाल," मावशी म्हणाली.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी भाची तिला हाताला धरून लांबीत घेऊन गेली. मावशीने दारातच श्वास घेतला आणि म्हणाली, "वास गेला सगळा. वाखाचा वास होता." भाचीने तिला चाकापाशी नेऊन उभे केले. मावशीने मूठ चाचपली. बाकी सगळ्या चाकवाल्या मूठ आवळून धरत. मावशीचा अंगठा मात्र मुठीबाहेर सरळ राहिला, आकड्याच्या दिशेने रोखलेला. अजूनही तसाच राहिला.

चाक फिरू लागले.

"आला?"

"आला."

"मला काही दिसत नाही. नुसता उजेड आहे. सांगत राहा."

"पहिल्या खिडकीपाशी आहे. चालतोय."

"चेहरा?"

"उतरलेला."

"असणारच. मीच उतरवला." मावशीचा हात एका लयीत फिरत होता. म्हातारपणाचा कंप त्यात कुठेच नव्हता. "आता?"

"निम्म्यावर गेला."

"जाऊ दे. पूर्ण सूत होऊ दे त्याचं."

तो भिंतीपासून दोन खिडक्यांवर आला तेव्हा भाचीने तसे सांगितले. मावशीने चाक थांबवले.

"हसला का?"

"हसला."

"हसू दे एकदा," मावशी म्हणाली तोवर तिची बोटे आकड्याकडे गेली होती. आकड्यावर काही नव्हते. निदान भाचीला काही दिसले नाही. पण मावशीने अंगठा आणि दोन बोटांनी काहीतरी अलगद उचलले, पीळ सुटू नये म्हणून चिमटीत धरले, चाचपडत रिळापर्यंत नेले, त्याच्या खुंटीला वेढा दिला आणि रीळ फिरवू लागली. नुकते तेल घातलेले रीळ तरीही कुरकुरले.

"कुठे आहे?"

भाची दोन पावले पुढे सरकली.

"अगं सांग ना!"

"थांबलाय. भिंतीपाशी. हाताकडे बघतोय स्वतःच्या."

"आणि आता?"

त्याने मान वर केली. एक पाऊल टाकले, पुढे. मग दुसरे.

"येतोय, मावशी. सरळ चालत येतोय."

मावशी रीळ फिरवत राहिली. भाची खिडक्या सांगत राहिली. मधली खिडकी, त्याच्या अलीकडची, त्याच्याही अलीकडची. मग मावशीने विचारणे थांबवले. तिची मान थोडी पुढे झुकली होती, डोळे बारीक झाले होते, आणि ती आता समोर बघत होती. हातभर अंतरावर तो उभा राहिला तेव्हा तिला तो दिसत होता.

त्याने आधी तिच्या मागे बघितले, चाकाकडे. कोणाला तरी शोधताना बघतात तसे. तिथे कोणी नव्हते. त्याची नजर परत आली, पांढऱ्या केसांवर, सुरकुत्यांवर ठरली नाही, खाली उतरली. रिळावर मावशीचा हात होता आणि अंगठा मुठीबाहेर सरळ होता. तो त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे सैल झाले आणि मान डावीकडे कलली.

"दमलास ना रे?" मावशी म्हणाली.

तिने इतक्या रोजच्या आवाजात विचारले, की भाचीला तिथून निघून जावेसे वाटले. तिने तोंड फिरवले. परत बघितले तेव्हा मावशी एकटी होती. रीळ वेग सरेपर्यंत फिरत राहिले आणि थांबले.

त्यानंतर लांबीत कोणालाही काही दिसले नाही. पाहुणे काही आठवडे मोठ्या संख्येने आले, चाक फिरवून बघत राहिले आणि कंटाळून कमी झाले. व्यवस्थापक हळहळले. "कुणी काही केलंत का?" त्यांनी विचारले. "गेला तर गेला," सफाईवाल्या बाई म्हणाल्या, "निदान चाक धड पुसता येतं आता."

भाचीने व्यवस्थापकांना एवढेच सांगितले, की चाक थांबवले होते आणि ते वळणाऱ्याला कळले नाही. फलकावर आता फक्त इतके आहे, की या शेडमध्ये काम करताना एक कुशल कारागीर पाण्याकडच्या दारातून पडून मरण पावला. भाचीने ते मावशीला वाचून दाखवले.

"बरं झालं," मावशी म्हणाली. "बाकीचं आमचं."

अशी गाठ सुटली की माणूस हलका होतो, असे लोक म्हणतात. मावशी हलकी झाली नाही. ती जेवायची कमी झाली, बोलायची कमी झाली, मटार सोलताना मध्येच थांबू लागली. एका संध्याकाळी भाचीने न राहवून विचारले, "आपण केलं ते चुकलं का, मावशी?"

"त्याचं बरं केलं," मावशी म्हणाली. "माझं काय? इतकी वर्षं तो तिथे होता, आणि मला माहीत नव्हतं. आता नाही, आणि हे मला माहीत आहे."

थंडी सरताना तिने पुन्हा लांबीत न्यायला सांगितले. आता तिला चाकाशी उभे राहवत नव्हते. भाचीने खुर्ची आणून ठेवली आणि स्वतः चाक फिरवले. समोर उन्हाचे चौकोन ओळीने पडले होते. त्यांतून कोणी गेले नाही.

"आहे का कोणी?"

"नाही, मावशी."

"माहीत आहे. विचारलं आपलं." काही वेळ ती चाकाची घरघर ऐकत बसली. मग म्हणाली, "एकदा थांबव गं."

भाचीने चाक थांबवले.

जिथे तिला काहीच दिसत नव्हते त्या टोकाकडे मावशीने बघितले. तिचे खांदे सैल झाले. ती हसली, पापणी लवते तेवढाच वेळ.

"हं," ती म्हणाली, "फिरव आता."